शशिकलाबाईंची दुपारची झोप

शशिकला टिपणीस पिठाच्या गिरणीत उभ्याउभ्या झोपली, तेव्हा तिच्या हातात ज्वारीचा डबा होता. गिरणीवाल्या काशिरामने आधी दोन हाका मारल्या, मग गिरणीचा पट्टाच बंद केला. सकाळपासून चाललेली घरघर एकदम थांबल्यावर रांगेतल्या बाकीच्या बायका दचकल्या. शशिकला मात्र तशीच उभी, भिंतीला किंचित टेकून, भुवयांवर पीठ साचलेलं आणि चेहऱ्यावर असं समाधान, की तिला जागं करणं कुणाच्याच जिवावर येत होतं. शेवटी काशिरामने तिला हळूच हलवलं, डबा दळून दिला आणि पनवेलच्या वडाळे तलावासमोरच्या ‘कमलदल’ सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः सोडायला आला. दार कुमाररावांनी उघडलं.

"साहेब, दोन्ही आणलंय," काशिराम म्हणाला. "ज्वारी दळलेली आहे. वहिनी आहेत तशाच आहेत."

कुमारराव टिपणीसांना या प्रकाराने काळजी वाटली हे खरं, पण त्याआधी अपमान वाटला हेही खरं. आता ही बातमी पार टपाल नाक्यापर्यंत जाणार. स्वतःचं घर असताना बाई गिरणीत का झोपते, असं लोक विचारणार, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुठूनही सुरू केलं तरी त्यात कुमाररावांचं नाव येणार. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून, सुपरवायझर म्हणून सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसाला हे परवडण्यासारखं नव्हतं.

घरात माणसं तीन. मुलगी अनुष्का लग्न होऊन नागपूरला. कुमाररावांच्या आई चौऱ्याऐंशीच्या. तीन वर्षांपूर्वी, २००८ साली, त्या बाथरूममध्ये पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, हाड जुळलं. पण मन जे त्या दिवशी घराबाहेर पडलं ते पुरतं परत आलंच नाही. ते बहुतेक वेळ उरणला असे. आईंचे वडील तिथल्या मोरा बंदरात कारकून होते आणि लहानपणी आईंची ये-जा मचव्याने, म्हणजे शिडाच्या होडीने, होई. दुपारी ऊन कललं की तलावाच्या पाण्यावरून उजेड उसळून तिसऱ्या मजल्याच्या छतावर यायचा आणि तिथे लाटा हलायला लागायच्या. आई पलंगावर पडल्यापडल्या त्या लाटा बघत आणि म्हणत, "मचवा लागला गं, शशी. चढ लवकर." शशिकला भाजी चिरत असो की कपडे पिळत असो, तिथून सांगायची, "चढले हो, आई." मग आई निर्धास्त होत. दहा मिनिटांनी पुढचा मचवा लागे.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शशिकलेचं बीपी दोनदा मोजलं. एकशे सत्तर.

"काका, घरात पेशंट किती?"

"एक. आमच्या आई."

"आता दोन होतील. यांना आठवड्यातून निदान तीन दुपारी सलग तीन तास झोप मिळालीच पाहिजे. तुकड्यातुकड्यांची नको, सलग. गोळी लिहून देते, पण झोपेशिवाय नुसती गोळी चालायची नाही."

"एवढंच ना?" कुमारराव म्हणाले. ज्याने भर पावसाळ्यात निम्म्या पनवेलचे फोन चालू ठेवले, त्याला एका बाईची दुपार मोकळी करणं म्हणजे काय! घरी येताच त्यांनी खात्याची एक कोरी डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं आणि बायकोला समोर बसवलं.

"सांग. आईचं दुपारचं काम. मुद्देसूद."

"काय सांगू? दोन वाजता अर्धी गोळी. ती केळ्यातून द्यायची. पण केळं त्यांना दिसता कामा नये, दिसलं की त्यांना सर्दी होते. अडीचला चहा. कपात न्यायचा, बशीत द्यायचा, पण कप समोर राहू द्यायचा, नाहीतर उरलेला चहा कोण प्यायलं म्हणून रुसतात. पडदा अर्धा ठेवायचा. पुरता उघडला तर डोळ्यांवर ऊन येतं, पुरता लावला तर मचवा चुकतो. बाथरूमला जायचं असलं तर सांगत नाहीत, डाव्या हाताने चादर चिमटीत धरतात."

"हे तुला कसं कळलं?"

"बघते ना मी," शशिकला म्हणाली.

यादी त्रेचाळीस कलमांवर गेली. कुमाररावांनी डायरी मिटली आणि "ठीक आहे, साधारण रूपरेषा आली" असं म्हणून पेन खिशाला लावलं.

बुधवारी दोन वाजता पहिला प्रयोग झाला. शशिकलेला आतल्या खोलीत पाठवून कुमाररावांनी दार लोटून घेतलं आणि आईंच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले.

"शशीऽऽ," आईंनी हाक मारली.

"आई, मी आहे ना."

"तुम्ही कोण?"

"मी कुमार."

आईंनी त्यांना टकलापासून पायापर्यंत नीट पाहिलं. "कुमार ऑफिसात गेलाय. सहाला येतो. बसा तोवर. शशीऽऽ, पाहुण्यांना पाणी दे."

"आले हो!" आतून आवाज.

कुमारराव दाराकडे धावले. "येऊ नकोस! झोप!"

"पाणी कुणाला हवंय?"

"मला! म्हणजे नकोय!"

अशा तीन फेऱ्या झाल्या. मग आई छताकडे बघायला लागल्या. कुमाररावही बघायला लागले. उजेडाच्या लाटा हळूहळू सरकत होत्या, पंखा कुरकुरत होता, खाली तलावाच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं आणि प्रत्येक आपटण्याचा आवाज थोड्या उशिराने, जणू पाण्याखालून, वर येत होता. कुमाररावांनी ठरवलं, डोळे नुसते मिटायचे, कान उघडे ठेवायचे. त्यांना जुनं एक्स्चेंज दिसलं. ट्रंक कॉलच्या बोर्डावरचे सगळे दिवे एकाच वेळी लुकलुकत होते. एक दोरी खोचली की तिकडून बाईचा आवाज येई, "शशीला द्या." दुसरी खोचली, "शशीला द्या." रत्नागिरीहून, अलिबागहून, थेट लंडनहून, सगळ्या जगाला शशीच हवी होती, आणि कुमारराव डोक्याला हेडफोन लावून सगळ्यांना सांगत होते, "लाइन बिझी आहे, कृपया थांबा." तेवढ्यात बोर्ड पाण्यावर तरंगायला लागला.

जाग आली तेव्हा साडेचार झाले होते. त्यांच्या अंगावर शाल होती. आईंचा चहा होऊन कपबशी धुतलेली होती आणि शशिकला कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू किती वेळ झोपलीस?" त्यांनी अधिकारवाणीने विचारलं.

"मी? तुम्ही घोरायला लागलात तेव्हा उठले. आईंनीच बोलावलं. म्हणाल्या, पाहुण्यांची तब्येत बरी दिसत नाही."

या अपयशाची बातमी इमारतीत कशी फुटली कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. जायफळ उगाळून द्या. तळपायाला तूप चोळा. डोकं दक्षिणेला करा. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी पलंगाखाली तांब्याभर पाणी ठेवायला सांगितलं. ते ठेवलं, आणि त्याला कुमाररावांचाच पाय लागून ते सांडलं. खरा शहाणपणाचा सल्ला एकच आला, पहिल्या मजल्यावरच्या फरिदाभाभींकडून. त्यांच्या नवऱ्याचं, कमरुद्दीनमियाँचं, बाजारात मसाल्याचं दुकान होतं आणि भाभी जिन्यात भेटल्या तरी त्यांच्या बोलण्याला दालचिनीचा वास यायचा.

"कुमारभाई, बुरा मानू नका, पण बाईमाणसाला स्वतःच्या घरात नींद येते कधी? घरातली हर एक चीज तिलाच आवाज देते. कुकर पण तिलाच बघून शिट्टी मारतो. त्यांना माझ्याकडे पाठवा. अझहर दुबईला गेल्यापासून मागची खोली खालीच आहे. आरामात झोपू देत."

कुमाररावांनी आभार मानले आणि नकार दिला. आपली बायको झोपायला शेजारी जाते, हे त्यांच्या कल्पनेतही बसेना. ऐकणारा काय समजेल?

सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत देशमाने यांचा सल्ला मात्र त्यांना पटला, कारण त्यात फॉर्म होता. "बाई ठेवा," देशमाने म्हणाले. "गव्हाणच्या गुणाबाई म्हणून आहेत, आमच्या मेव्हण्यांकडे होत्या, सोन्यासारखी बाई. फक्त बाहेरची व्यक्ती कामावर ठेवायची तर पोलिस पडताळणीचा अर्ज, दोन फोटो आणि पोच सोसायटीत जमा करावी लागेल. तिहेरी प्रतीत. नियम म्हणजे नियम."

चौकीतल्या हवालदारांनी अर्ज शांतपणे वाचला आणि एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"कामावर ठेवण्याचं कारण लिहिलं नाय तुम्ही."

"पत्नीची झोप," कुमारराव म्हणाले.

"असं कारण नसतं. रुग्णसेवा लिहू?"

"रुग्णसेवा माझी पत्नीच करते. तिला झोप मिळावी म्हणून बाई हवी आहे."

"म्हणजे पेशंट मिसेस?"

"नाही, आई."

"मग झोप आईला पायजे?"

"आईला झोप भरपूर आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग साहेब, तुम्ही घरी काय करता?"

हा प्रश्न फॉर्मवर कुठेही छापलेला नव्हता. कुमाररावांनी तो नियमबाह्य ठरवून उत्तर द्यायचं टाळलं, पण कान तापले ते तापलेच. हवालदारांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. ते स्वतः दोन दिवस बंदोबस्तावर असावेत, डोळे लालभडक होते. "किती तास झोप म्हणालात?"

"तीन."

"सलग?" त्यांनी असं विचारलं, जसं एखाद्या लहान मुलाने समुद्राबद्दल विचारावं. मग ‘इतर’ या रकान्यात खूण केली आणि शिक्का मारला.

सोमवारी गुणाबाई आल्या. साठीच्या, उंच, कपाळावर मोठं गोंदण, आणि आवाज असा की खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर हाक जावी. "तुमी बिनघोर ऱ्हावा, दादा," त्या म्हणाल्या. "आमी हाय ना." शशिकलेला आत पाठवलं गेलं. दार लागलं. छतावर उजेड आला.

"मचवा लागला गं," आई म्हणाल्या.

"कंचा, आजी?" गुणाबाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं. "मोऱ्याचा का करंज्याचा?"

आईंनी मान वळवून गुणाबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ‘चढले हो’ सगळ्यांनी म्हटलं होतं. कुठला मचवा, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा एखाद्या परकरी मुलीसारखा उजळला. "मोऱ्याचा. करंज्याला कशाला जाऊ मी? तिथे माझं कोण आहे?"

"माजी मावशी हाय तिथं," गुणाबाई म्हणाल्या, आणि दोघी निघाल्या. वाटेत कोणकोण भेटलं, भरती होती की ओहोटी, डेकावर कुणाची कोंबडी सुटली, सगळं साग्रसंगीत झालं. मग गुणाबाईंनी लग्नातलं एक गाणं धरलं आणि आईंनी, ज्यांना सकाळी काय जेवलो ते आठवत नसे, त्या गाण्याची पुढची ओळ बरोब्बर म्हटली.

कुमारराव मोठ्या समाधानाने खाली पेपर वाचायला गेले. चार वाजता वर येऊन बघतात तर पलंगावर तीन बायका. आई मध्ये, एका बाजूला पाय पसरून गुणाबाई, आणि दुसऱ्या बाजूला शशिकला गुणाबाईंच्या गुडघ्याला तेल चोळते आहे. शेजारी चहाचे तीन कप.

"हे काय?"

"अहो, यांचा गुडघा बघा किती सुजलाय," शशिकला म्हणाली. "आणि घरी आलेल्या माणसाला साधा चहा नको का विचारायला?"

"गुणाबाई, तुम्हाला कशासाठी बोलावलंय?"

"मी सांगितला ओ त्यांना, झोपा म्हणून. नाय झोपत त्या. आत पडल्या होत्या, पण डोलं उघडं. डोला लागायला लागला का दचकून उठत व्हत्या. मी दोनदा बघितला."

कुमाररावांनी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. दचकते म्हणजे आवाजाने दचकते, असा त्यांनी तांत्रिक निष्कर्ष काढला. पुढचे दोन दिवस त्यांनी दुपारी दोन ते पाच जिन्यात उभं राहून डायरीत आवाजांची नोंद केली. भंगारवाला, दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर, मागे घेताना भजन वाजवणारी देशमान्यांची गाडी, गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी. ही नोंद घेऊन ते सेक्रेटरींकडे गेले आणि म्हणाले, "येत्या शनिवारी फक्त तीन तास शांतता हवी. लोकांना तोंडी सांगितलंत तरी चालेल."

पण देशमाने तोंडी कामाचे गृहस्थ नव्हते. शनिवारी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर ठळक अक्षरात सूचना लागली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, फ्लॅट क्र. ३०२ मधील सौ. शशिकला कुमार टिपणीस यांना वैद्यकीय सल्ल्यानुसार आज दुपारी २ ते ५ या वेळेत झोपविण्यात येणार आहे. तरी सर्वांनी शांतता राखून कुटुंबीयांस सहकार्य करावे.’

दोन वाजून दहा मिनिटांनी पहिली टकटक झाली. दारात तळमजल्यावरच्या दोघी बायका, हातात मोसंबी. "भूल देणार म्हणे? घरीच?" कुमाररावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना बाहेरच थांबवलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे आले. मग भजनी मंडळाच्या सहा जणी आल्या, त्या नेहमीच सहा असत. काशिरामही आला, गिरणी बंद करून. जिना भरला. पण शांतता राखायची असल्यामुळे सगळे पायताणं हातात घेऊन, कुजबुजत, खांद्याला खांदा लावून उभे होते. बाहेर ऊन पेंगुळलं होतं, आणि त्या अर्धवट उजेडात पंचवीस माणसं एका बंद दाराकडे टक लावून पाहत होती.

कुमारराव दार किंचित उघडून बाहेर आले. जिन्यातली गर्दी बघून त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. मान खाली घालून ते अगदी हळू म्हणाले, "झोपली."

भजनी मंडळातल्या एकीने तोंडाला पदर लावला. दुसरीने हुंदका दिला. देशमाने दोन पायऱ्या चढून आले, त्यांनी कुमाररावांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "किती वाजता?"

"दोनला."

"त्रास झाला का फार?"

"सुरुवातीला थोडा. मग शांत झाली."

आता मात्र जिन्यात रडणं फुटलं. काशिराम गिरणीतली हकिगत सांगून डोळे पुसू लागला. फरिदाभाभी खालून धावत आल्या, "या अल्लाह, मी म्हटलं होतं माझ्याकडे पाठवा!" कुमारराव गोंधळून सगळ्यांकडे बघत होते. एवढं प्रेम! माणसाच्या झोपेसाठी एवढं प्रेम! त्यांचेही डोळे भरून आले आणि ते पाहून उरलेले लोकही रडले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि शशिकला बाहेर आली. केस सुटलेले, कुंकू पसरलेलं, चेहरा पांढराफटक. तिने रडणारे लोक पाहिले आणि किंचाळली, "आईंना काय झालं?"

पंचवीस माणसं एकदम चार पायऱ्या मागे सरली. भजनी मंडळातली एक बाई मोसंबीच्या पिशवीवर बसली.

खुलासे व्हायला वेळ लागला. देशमान्यांनी सूचनेतलं व्याकरण निर्दोष असल्याचं पुनःपुन्हा सांगितलं. शशिकला तीन जिने उतरून फळ्यापाशी गेली, सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि वर येऊन गॅलरीत जाऊन बसली. लोक पायताणं घालून, थोडे निराश होऊनच, आपापल्या घरी गेले.

"माझी झोप फळ्यावर लावलीत," पाठोपाठ आलेल्या कुमाररावांना ती म्हणाली.

"मी फक्त तोंडी..." कुमाररावांनी सुरुवात केली, पण मग त्यांचाही बांध फुटला. "आणि मी हे कुणासाठी करतोय? दहा दिवस धावतोय. चौकीत गेलो, जिन्यात उभा राहिलो, हवालदारासमोर शोभा झाली माझी!"

"मी मागितली होती झोप?"

"डॉक्टरांनी सांगितलंय! तुला झोप येत नाही म्हणून..."

"येते." शशिकला तलावाकडे बघत होती. "येते मला झोप. इतकी येते, की कधीकधी वाटतं या पाण्यावर जरी आडवी झाले तरी झोप लागेल. मी झोपत नाही."



"आई पडल्या त्या दिवशी मी गॅलरीत कपडे काढत होते, असं सांगितलं तुम्हाला. खोटं होतं ते. मी झोपले होते. आत. पंखा लावून, गाढ. किती हाका मारल्या असतील त्यांनी, देव जाणे. मला एकही ऐकू आली नाही. जाग आली ती माझी मला, पुरती झोप होऊन. बाहेर आले तर त्या ओल्या फरशीवर. मला बघून म्हणाल्या, ‘उठवायचं नव्हतं गं तुला.’" तिने डोळ्यांवर हात दाबून धरले. "तेव्हापासून डोळा लागला की हाक ऐकू येते. त्यांनी मारलेली असो, नसो."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कुमाररावांनी इतक्या वर्षांत बायकोला धीराचं असं काही कधी सांगितलं नव्हतं.  जे खरं होतं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"त्या दुपारी मी काय करत होतो, ठाऊक आहे? ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपलो होतो. रोज झोपायचो. अडीच ते सव्वातीन. पस्तीस वर्षं झोपलो, शशी. त्या एका दिवसाखेरीज माझ्या झोपेत कुणी पडलं नाही, एवढंच. कारण तू जागी असायचीस."

शशिकलेने हात खाली घेतले आणि नवऱ्याकडे पाहिलं. ती रडत होती, पण तिला थोडं हसूही आलं. "अडीच ते सव्वातीन? आणि मी फोन करायची तेव्हा तुमचा शिपाई सांगायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"तो चांगला मुलगा होता," कुमारराव म्हणाले.

"शशीऽऽ," आतून हाक आली.

दोघेही आत गेले. आई जाग्या होत्या, आणि गुणाबाई पलंगाशी खाली बसल्या होत्या. छतावर लाटा भरात होत्या. भिंतींवरही उतरल्या होत्या, आणि सबंध खोली हळूहळू डुलते आहे असं वाटत होतं.

"कोण रडतंय?" आईंनी विचारलं.

"कुणी नाही, आई."

आईंनी सुनेचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मग त्या भिंतीकडे सरकायला लागल्या. मोडलेला खुबा, अशक्त हात. एकेक वीत सरकायला त्यांना फार वेळ लागला. गुणाबाई मदतीला उठल्या तर त्यांनी नुसत्या मानेने नको म्हटलं. अर्धा पलंग मोकळा झाल्यावर त्यांनी तिथल्या चादरीवरून हात फिरवला.

"ये. जागा धरलीय तुझ्यासाठी. झोप. मोरा अजून लांब आहे."

"आई, पण तुम्ही..."

"मी जागी आहे. बंदर आलं की उठवीन."

शशिकला क्षणभर उभी राहिली. मग चप्पल काढली आणि सासूच्या शेजारी आडवी झाली. आईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. एक मिनिटही गेलं नसेल. तिचा श्वास लांबला, मुठी उघडल्या, आणि ती जी झोपली ती थेट तळाशी गेली.

कुमारराव खुर्चीवर बसायला गेले, खुर्ची करकरली. आईंनी डोळे वटारले. "श्शू! पोर झोपलीय." ते उभेच राहिले. राहिलेली अर्धी गोळी त्यांनी केळ्यात घातली आणि केळं पाठीमागे धरून आणलं. चहा कपात आणला, बशीत दिला, कप समोर ठेवला. थोड्या वेळाने आईंच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर चिमटीत मिटली, आणि कुमाररावांनी ते पाहिलं. त्यांनी आणि गुणाबाईंनी मिळून, शशिकलेला धक्का न लावता, आईंना उठवून नेऊन आणलं. या कामाला पाऊण तास लागला. ते घामाघूम झाले. डायरीतल्या त्रेचाळीस कलमांपैकी हे एकच कलम होतं.

परत आडव्या झाल्यावर आईंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. "नाव काय तुमचं?"

"कुमार."

"माझ्या मुलाचंही कुमारच. स्वभावाने फार चांगला आहे हो." त्या कुजबुजत पुढे म्हणाल्या, "पण त्याला काही जमत नाही."

"शिकेल," कुमारराव म्हणाले.

"शिकेल," आईंनी मान डोलावली. "हळू बोला."

दारात कुणी येऊ नये म्हणून गुणाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या बसल्याबसल्या पेंगत होत्या. आईंनी मात्र डोळा मिटला नाही. ज्यांना सकाळ-संध्याकाळ कळत नसे, त्या तीन तास एका माणसाच्या झोपेवर टक लावून राहिल्या. उजेड छतावरून सरकत सरकत पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस झाला, आणि शेवटी विरून गेला. तेव्हा कुठे आईंनी मान उशीवर टाकली.

सव्वासहाला शशिकला उठली. गालावर चादरीची नक्षी उमटली होती. शेजारी सासू शांत झोपली होती. शशिकला धडपडत उठून बसली, इकडेतिकडे पाहिलं, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री करून घेतली, आणि पाय ओढत स्वयंपाकघराच्या दारात आली. कुमारराव ओट्यापाशी उभे होते. चहाचं आधण उकळून निम्मं झालं होतं आणि ते साखर शोधत होते. त्यांनी एक डबा उघडला, त्यात रवा निघाला. दुसरा उघडला, त्यात मीठ निघालं. त्यांनी चव घेऊन तोंड वाकडं केलं.

साखरेचा डबा कुठला, हे शशिकलेच्या अगदी तोंडाशी आलं होतं. ती तशीच थांबली. मग भिंतीशी पाट ओढला, पाटावर बसली, गुडघ्यांवर हनुवटी टेकवली आणि त्यांना शोधू दिलं.